माया किती सोडलीय, ते आधी बघा

शिंप्याच्या भाषेत माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. "ताई, बाजूला माया आहे, दोन इंच सहज निघेल," असं टेलरकाका म्हणाले की समजायचं, कपडा वाचला. जुने आणि हातानं केलेले कपडे रोजच्या वापरात आणायचे असतील, तर सगळ्यात आधी हा शब्द शिका. रंग, काठ, बटणं हे सगळं नंतर. मी तर जुना कपडा हातात आला की सुलट बाजू बघतच नाही. आधी उलटा करते.

व्हिंटेज हा शब्द नाशिककरांना परका वाटायचं काही कारण नाही. मूळचा तो द्राक्षांच्या तोडणीचा, वाइनच्या सालाचा. कपड्यांच्या बाबतीत साधारण २० वर्षांपेक्षा जुन्याला व्हिंटेज म्हणायची रीत आहे, शंभरी ओलांडली की अँटीक. म्हणजे आईच्या लग्नातला शालू व्हिंटेज झालाच, आणि तुमची शाळा २००५ च्या आधी संपली असेल तर तेव्हाचा तुमचा पंजाबी ड्रेससुद्धा. मनाची तयारी ठेवा.

मी इंदिरानगरहून त्र्यंबक नाक्याकडच्या ऑफिसला स्कूटरवर जाते. खाली जे सांगणार आहे ते स्कूटर, जेवणाचा डबा, लिफ्ट नसलेला तिसरा मजला आणि जुलैची झड यांत टिकून राहिलेलं आहे. फोटोपुरतं छान दिसणारं मला फारसं जमत नाही.

दुकानात जाऊ नका, कपाट उघडा

नवशिक्यांची पहिली चूक म्हणजे जुनं वापरायचं ठरलं की लगेच ‘जुनं’ विकत घ्यायला धावायचं. आधी घरातलं लोखंडी कपाट उघडा. आई, आजी, सासूबाई, आत्या, ज्यांच्याकडे हक्कानं जाता येतं त्यांच्याकडे एक दुपार काढून जा. "तुझ्या जुन्या साड्या दे" असं म्हणू नका. "आजी, दाखव ना गं एकदा" एवढंच म्हणा. साड्या बाहेर निघतात, त्यांच्याबरोबर कोणाच्या बारशाला कोणी काय दिलं हेही निघतं, आणि तासाभरानं आजीच म्हणते, "ही घे तू, मला आता जड होते."

विचारून ठेवायची गोष्ट एकच, पण ती नक्की विचारा: "ही कापली तर चालेल का?" नेसायला दिलेली साडी आणि कापायला दिलेली साडी यांत मोठा फरक आहे. नणंद, जाऊ, बहीण यांच्यापैकी कुणाचा त्या साडीवर डोळा आहे का, हेही याच बैठकीत कळलेलं बरं. कात्री लागल्यावर कळण्यात अर्थ नसतो.

पुरुषांच्या कपड्यांकडे सहसा कोणी बघत नाही, म्हणून ते जास्त मिळतात. आजोबांचा लोकरी कोट, बंडी, नेहरू शर्ट, धोतरं. पन्नास वेळा धुतलेल्या सुती धोतरासारखं मऊ कापड आज पैसे देऊनही मिळायचं नाही. तान्ह्या बाळाची दुपटी, रेशमी ब्लाउजचं अस्तर, गोधडीचा आतला थर, सगळ्याला ते चालतं. सत्तरच्या दशकातले टेरिकॉटचे शर्ट मात्र जपून घ्या. त्या काळी टेरिकॉटला मोठी प्रतिष्ठा होती, इस्त्री मोडत नाही म्हणून. पण त्यात पॉलिएस्टर असतं, ते घाम शोषत नाही. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा टेरिकॉट अंगावर घालणं म्हणजे शिक्षा. डिसेंबरात स्वेटरच्या आत ठीक.

आणि कपाट आवरायच्या उत्साहात बोहारणीला हाक मारण्याआधी चार दिवस थांबा. आमच्या घरातलं एक खरं जरीचं लुगडं स्टीलच्या पातेल्यावर गेलं. पातेलं अजून आहे, दूध त्यातच तापतं, आणि ते बघितलं की आई दर वेळी हळहळते. यात बोहारणीचा दोष नाही. जुन्या कपड्यांचं दुसरं आयुष्य तिच्याइतकं कोणी सांभाळलेलं नाही. डोळे मिटून दिलं ते आम्हीच.

उजेडात धरा, ओढून बघा, धागा जाळा

कापड जिवंत आहे की नाही, हे शिवणीच्या आधी ठरवायचं. माझी फजिती सांगते. आईची ऐंशीच्या दशकातली मोरपंखी रेशमी साडी मी हौसेनं कुर्त्याला दिली. टेलरकाकांनी विचारलं होतं, "ताई, उजेडात बघितली का?" मी बघितलं म्हणाले. बघितली नव्हती. तिसऱ्यांदा घातला त्या दिवशी ऑफिसात खाली वाकले आणि पाठीवर सरळ रेषेत टर्रकन फाटला. रेघ बरोबर घडीची. वर्षानुवर्षं एकाच घडीवर दुमडलेलं रेशीम तिथंच तुटतं, आणि जरीचं वजन असेल तर आणखी लवकर.

म्हणून साडी पूर्ण उघडून खिडकीसमोर धरा. घडीच्या रेघांवर उजेड बारीक चिरांसारखा आरपार येत असेल, तर ती साडी कापू नका आणि स्कूटरवर नेसूही नका. नीट जपा, किंवा तिचा चांगला राहिलेला पदर तेवढा वापरा. मग घडीच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून हलकेच ताणा. चांगलं कापड ताण सोसून परत बसतं. मेलेलं कापड कागदासारखा आवाज करतं. तो आवाज एकदा ऐकला की कायमचा कळतो.

कापड कशाचं आहे, हे ओळखायला पदराच्या गोंड्यातला किंवा आतल्या शिवणीतला एकच धागा काढा, चिमट्यात धरा आणि मोरीत उभं राहून पेटवा. सूत कागदासारखं भुरुभुरु जळतं, मऊ राख पडते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राहिलेली काळी गुठळी बोटानं चुरली जाते. लोकरीलाही तोच वास. पॉलिएस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर टणक मणी होतो, तो चुरत नाही. उभा आणि आडवा धागा वेगवेगळा जाळून बघा. एक रेशमी, दुसरा नायलॉन असं पुष्कळदा निघतं.

जरीबद्दल थोडं. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. चांदी असल्यामुळे ती वर्षानुवर्षांनी काळपट पडते. म्हणजे काळपट पडलेली जर बघून साडी ‘खराब झाली’ म्हणू नका, उलट ती खरी असण्याची शक्यता वाढते. खोट्या जरीत तांब्याची तार असते, आणि हल्लीच्या स्वस्त जरीत प्लास्टिकची पट्टी. ती मात्र मरेपर्यंत चकाकते. दारावर ‘जुनी जरीची साडी विकत घेतो’ म्हणत येणारे लोक साडी नेसायला घेत नाहीत, जाळून चांदी काढायला घेतात. ज्याला विकायचं त्यानं विकावं, पण हे माहीत असून विकावं.

आता उलटा करा

इथं जरा रेंगाळते, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

जुन्या शिंप्यांनी शिवलेला ब्लाउज उलटा केला की बाजूच्या शिवणीत एक-दीड इंच कापड आत दुमडलेलं दिसतं, कधी दोन-तीन टिपा शेजारी शेजारी मारलेल्या दिसतात. मुलगी पुढे अंगानं भरणार, बाळंतपण होणार, कपडा दहा वर्षं चालायचा, असा तो हिशोब होता. आजच्या रेडिमेड कुर्त्याची शिवण बघा. ओव्हरलॉक, म्हणजे कडा कापून दोऱ्यानं गुंफणारी यंत्राची टीप, मारून जेमतेम एक सेंटिमीटर. तिथं काही वाढत नाही.

माया किती मिळेल याचं गणित सोपं आहे. ब्लाउजला दोन बाजू, प्रत्येक बाजूच्या शिवणीत पुढचं आणि मागचं असे दोन पदर, म्हणजे चार पदर. प्रत्येकात दीड इंच माया असेल आणि नव्या शिवणीसाठी अर्धा इंच राखला, तर एकेका पदरातून एक इंच सुटतो. छाती एकूण चार इंच वाढते. माया एकच इंच असेल तर दोन इंच वाढेल. त्याच्या पलीकडे टेलर जादूगार नाही.

मात्र बाजू उसवली की मुंढाही, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, मोठा होतो आणि बाहीचा घेर तेवढाच राहतो. म्हणून बाहीच्या आतल्या शिवणीतली माया सोबत मोजा. तिथं कमी पडलं तर काखेत चौकोनी जोड द्यायचा. त्याच कापडाचा नसला तरी चालतो, हात वर केल्याशिवाय कोणाला दिसत नाही, आणि हात वर करून ऑफिसात कोण फिरतं?

उसवल्यावर दोन गोष्टी दिसतील. आतलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद असेल, कारण त्यानं ऊन बघितलेलं नाही. आणि जुन्या टिपेची भोकं दिसतील. सुतावर ती एका धुण्यात बुजतात. रेशमावर ओला रुमाल ठेवून हलकी इस्त्री फिरवली की कमी होतात, पूर्ण जात नाहीत. खणाच्या चोळीवर हा फरक फार उठून दिसतो. तिथं मी बाजूला मुद्दाम वेगळ्या रंगाची पट्टी घालते, लपवत बसत नाही.

कोट, जाकीट यांचं एकच बघायचं: खांदा. छाती आत घेता येते, बाही आखूड करता येते, पण खांदा उतरत असेल तर तो कोट सोडून द्या. खांदा सुधारायचा म्हणजे पूर्ण कोट उसवून नव्यानं शिवायचा, आणि त्या पैशात नवा येतो. शर्टाचं उलट आहे. कॉलर मानेपाशी झिजली म्हणून शर्ट टाकू नका. कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा बसवली की आतली कोरी बाजू वर येते. आमच्या आजोबांच्या पिढीत हे सर्रास होतं. आता तरुण टेलरला सांगितलं तर तो तुमच्याकडे बघत राहतो. जुन्या नाशकातल्या गल्ल्यांत पायमशीन घेऊन बसणारा एखादा वयस्कर कारागीर शोधा, त्याला एका वाक्यात कळेल.

टेलरशी काय बोलायचं

"थोडं सैल करा" असं कधीही सांगू नका. थोडं म्हणजे प्रत्येकाचं वेगळं. नीट बसणारा एक कपडा नमुना म्हणून सोबत न्या आणि इंचात सांगा. "कापू नका, आत दुमडा" हे वाक्य पाठ करा. कपडा आत घ्यायचा असला तरी जास्तीचं कापड कापून टाकायचं नाही, पुढे लागतं. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी महिनाभर टेलरकडे जुनी कामं घेऊन जाऊ नका, घेतलीच तर रागानं करतात. पितृपक्षात नव्या कपड्यांची गर्दी कमी असते, तेव्हा उसवाउसवीची कामं निवांत होतात. हा माझा अनुभव, शास्त्र नव्हे.

साडीचा कुर्ता करायचाच असेल तर हिशोब असा. सहावारी साडेपाच मीटर, पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण पंचेचाळीस इंच. एका कुर्त्याला अडीच मीटर धरा. म्हणजे एका साडीत दोन कुर्ते, किंवा एक घेरदार ड्रेस आणि एक जाकीट. नऊवारीत सव्वाआठ मीटर कापड असतं, तिच्यात घरातल्या तिघींचं भागतं. पण माझा आग्रह असा की कापण्याआधी ती साडी दहा वेळा साडी म्हणूनच नेसा. अकराव्या वेळी कात्री लावायची इच्छा बहुतेक गेलेली असते.

धुणं आणि ठेवणं

जुना सुती कपडा पहिल्यांदा एकटाच धुवा. आधी आतल्या कडेला पाण्याचा थेंब टाकून पांढऱ्या फडक्यानं चोळा. फडकं रंगलं तर तो कपडा कायम एकटाच धुवायचा. आठ-दहा रिठे फोडून रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून गाळा. त्या पाण्यात सूतही धुता येतं आणि जर नसलेलं साधं रेशीमही. गार पाणी, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. जरीच्या भारी साडीला घरी पाणी लावू नका. नेसून झाल्यावर रात्रभर वाऱ्यावर टाकणं तिला पुष्कळ होतं. अत्तर किंवा स्प्रे अंगाला लावा, साडीवर मारू नका.

कुठून तरी आणलेला कपडा असेल तर त्याच्या शिवणी नीट बघा, ढेकूण तिथं लपतात. बादलीत अर्धी वाटी खाण्याचा सोडा टाकून तासभर भिजवला की कोंदट वास बराच उतरतो. उरलेला वास ऊन काढतं.

खळ घातलेला कपडा कधीही ठेवणीत टाकू नका. साबुदाण्याची असो की तांदळाच्या पेजेची, खळ ही कसरीची मेजवानी. आधी खळ धुऊन काढा, कडकडीत वाळवा, मग ठेवा. भारी साड्या प्लास्टिकच्या पिशवीत नकोत. आत दमट हवा कोंडते आणि जर काळवंडते. जुन्या मलमलच्या धोतरात गुंडाळा. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका, वेगळ्या पुरचुंडीत कोपऱ्यात ठेवा. मी वेखंड आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवते. वास सुसह्य असतो. तीन-चार महिन्यांनी घडी बदला, म्हणजे माझ्या मोरपंखी साडीचं झालं ते तुमच्या साडीचं होणार नाही. पावसाळाभर कपाटात ओल धरते, म्हणून दसरा-दिवाळीच्या आवराआवरीत सगळं एकदा बाहेर काढून सावलीत वाऱ्यावर ठेवा.

हातानं काय शिकावं

चार गोष्टी पुरे: धावदोरा, तुरपाई, बटण लावणं आणि हूक-आय. यूट्यूबपेक्षा आईजवळ बसून लवकर येतं, फक्त तिचे टोमणे ऐकायची तयारी हवी. पहिली वस्तू पिशवी करा, दुसरी उशीचा अभ्रा. तिसरी कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक घातलेला साधा परकर. सरळ शिवणीशिवाय त्यात काही नसतं, आणि लुगड्याचा काठ खाली आला की तो शिवला कुणी, असं लोक विचारतात. कुर्ता, ब्लाउज यांच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका. मुंढ्याची गोलाई भल्याभल्यांना रडवते.

धावदोरा आला की गोधडी येते. जुन्या साड्यांचे दोन-तीन थर, चारही कडा टाचून घ्यायच्या, मग कडेकडेनं आत जात टाके घालायचे. पूर्ण गोधडी नवख्या हातानं संपत नाही, माझी पहिली अजून पलंगाखाली अर्धी पडून आहे. पण त्याच पद्धतीनं दोन थरांचं बिनबाह्यांचं जाकीट महिनाभरात होतं. निफाडचा पारा उतरल्याची बातमी पेपरात आली की सकाळी स्कूटरवर मी तेच घालते.

लोकरीचं विणकाम येत असेल तर जुना हातविणीचा स्वेटर सोन्यासारखा. शिवण उसवून धागा सोडवत जा, खुर्चीच्या पाठीवर लड गुंडाळा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून खाली हलकं वजन लावून टांगा. धाग्यातले नागमोडी पीळ सरळ होतात आणि लोकर पुन्हा विणता येते. यंत्रावर विणलेल्या स्वेटरांपैकी पुष्कळसे कापून जोडलेले असतात. ते उसवले की हातात वीत-वीतभर तुकडे येतात. आधी बाजूची शिवण बघा. ओव्हरलॉक असेल तर नाद सोडा.

रोज घालताना

एका वेळी एकच जुनी गोष्ट. जुना खणाचा ब्लाउज घातला तर साडी साधी. आजोबांचं जाकीट घातलं तर खाली तुमची नेहमीची जीन्स. नखशिखांत जुनं घातलं की गॅदरिंगला निघाल्यासारखं दिसतं.

स्कूटरवर पदर आणि ओढणी आधी बांधा, मग किल्ली लावा. पदर कमरेला खोचून वर पिन, ओढणी असेल तर दोन्ही टोकं मागे गाठ मारून जाकिटाच्या आत. चाकात कापड अडकून झालेले अपघात आपण सगळ्यांनी ऐकलेत. साडी दोन बोटं वर नेसा. पिन टोचताना जुन्या रेशमावर खाली कापडाचा छोटा तुकडा धरा, नाहीतर पिनेच्या भोकापासून चीर जाते.

ऋतू मात्र पाळायला हवेत. उन्हाळ्यात धुऊन धुऊन विरळ झालेलं सूत, त्याला तोड नाही. पावसात गडद रंगाचं, आखूड, लवकर वाळणारं. पक्का रंग नसलेलं कापड जून ते सप्टेंबर बाहेर काढू नका, गुडघ्यापर्यंत रंगाल. गंमत म्हणजे राष्ट्रीय हातमाग दिन ऐन पावसात येतो, ७ ऑगस्टला. १९०५ साली त्याच तारखेला स्वदेशी चळवळीची हाक दिली गेली, म्हणून २०१५ पासून तो दिवस पाळतात. ऑफिसात पहिल्यांदा काही जुनं घालायला निमित्त हवं असेल तर चांगलं आहे, छत्री घेऊन जा.

"काय गं, आज कुणाचं लग्न?" हे पहिले आठ दिवस ऐकावं लागतं. मग थांबतं. मग एक दिवस तीच बाई हळूच विचारते, "माझ्या सासूबाईंची एक इरकल आहे, तिचं काय करू गं?" तिला सांगा, आधी पदर जोडलाय तिथं बघ. इरकलीत अंग आणि रेशमी पदर वेगवेगळ्या ताण्यांचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, असतात, विणतानाच धाग्यांच्या फासांनी एकमेकांत अडकवलेले. जुन्या इरकलीत नेमका तो सांधा आधी सुटतो. वेळेवर दोन टाके घातले की साडी पुढे चालते.

आणि विकत घ्यायचंच असेल तर

नाशिक जिल्ह्यात दोन टोकं आहेत. मालेगावात यंत्रमाग, येवल्यात हातमाग. दोन्हीचं कापड आपल्या अंगावर असतं, आणि यंत्रमागाचं सुती लुगडं वाईट असं मी मुळीच म्हणणार नाही. आमच्या दोन पिढ्या त्यावर निघाल्या. फक्त हातमागाच्या भावात यंत्रमागाचं घेऊ नका.

हातमाग ओळखायला काठाची कडा बघा. विणताना पन्हा ताणून धरायला दोन्ही कडांना टोकं असलेली आडवी काठी लावतात, तिची बारीक बारीक भोकं कडेला राहतात. विणीत थोडा कमी-जास्तपणा असतो. लेबलांचंही नीट समजून घ्या. सिल्क मार्क २००४ पासून आहे, तो कापड शुद्ध रेशमाचं आहे एवढंच सांगतो, हातानं विणलंय असं सांगत नाही. त्यासाठी २००६ पासूनचा हँडलूम मार्क वेगळा. आणि खादी म्हणजे सूतही हातानं कातलेलं आणि कापडही हातानं विणलेलं. हातमागाच्या कापडातलं सूत गिरणीचं असू शकतं. तिन्ही शब्द दुकानदार एकाच दमात उच्चारतात, तुम्ही वेगळे करून ऐका.

पैठणीसाठी एक दिवस काढून येवल्याला जा. नाशिकहून ऐंशी किलोमीटरच्या आसपास, संभाजीनगरकडे जाणारी एसटी निफाड, विंचूर करत तिथं पोचते. खरेदी करायची नसली तरी माग चालताना बघा. पदरातल्या मोराच्या प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या छोट्या काडीवर गुंडाळलेला असतो. विणकर त्या काड्या बोटांनी एकमेकींत अडकवत ओळ पुरी करतो, आणि अशा कित्येक ओळी झाल्यावर मोराची मान दिसायला लागते. त्यामुळे हातानं विणलेल्या पैठणीचा पदर उलट बाजूनंही जवळजवळ तसाच दिसतो, लोंबते किंवा कापलेले धागे नसतात. सेमी पैठणी, म्हणजे यंत्रावर विणलेली नक्कल, उलटी केलीत की मोराच्या मागे कापलेल्या धाग्यांचं रान दिसतं. सेमी घ्यायला हरकत नाही, मीही घेतली आहे, रोजच्याला तीच बरी. पण दुकानात "जरा उलटी करून दाखवा" म्हणायला लाजू नका. चांगला दुकानदार न सांगताच उलटी करतो.

घेऊन आल्यावर ब्लाउज शिवायला टाकाल. तेव्हा बाजूला दीड इंच माया ठेवायला सांगा, बाहीतही सांगा. कपडा आणायला जाल तेव्हा कात्रणं मागून घ्या. टेलरकाका म्हणतील, "ताई, टाकलं की ते." तर दुसऱ्या वेळी कापड देतानाच चिठ्ठीवर लिहा: कात्रणं परत. साडीच्या घडीत ती पुरचुंडी ठेवून द्या, काखेत जोड द्यायची वेळ आली की त्याच रंगाचं कापड शोधत मेनरोडभर फिरावं लागणार नाही.